विस्टाडोमने बोरघाट : तिकीट कोणत्या गाडीचे आणि कुठपर्यंतचे

मुंबईहून सकाळी निघावे, डोंगर, धबधबे आणि धुके पाहावे आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतावे, अशी सहल कोणी सुचवायला सांगितली की अलीकडे बोरघाटातून जाणाऱ्या गाड्यांच्या विस्टाडोम डब्याचे नाव हमखास पुढे येते. मुंबई-पुणे मार्गावरील तीन गाड्यांना हा डबा जोडलेला असतो. वेगवेगळ्या ऋतूंत त्यातून प्रवास केल्यावर माझे मत असे झाले आहे की, गाडी, दिशा आणि उतरण्याचे स्थानक या तीन गोष्टी नीट निवडल्या तरच या डब्याचे पैसे वसूल होतात. काचेचे छत हा त्याचा सर्वांत गाजलेला भाग असला, तरी प्रवासाची मजा ज्या गोष्टींमुळे येते त्यांच्या यादीत मी त्याला बराच खाली ठेवीन.

मुंबई-पुणे मार्गावर हा डबा प्रथम मिळाला तो डेक्कन एक्सप्रेसला, जून २०२१ मध्ये. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून तो डेक्कन क्वीनला जोडला गेला आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत प्रगती एक्सप्रेसला. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेल्या या वातानुकूलित डब्यात अवघी ४४ आसने आहेत, त्यामुळे चेअर कारमध्ये जी दाटी जाणवते ती इथे मुळीच नाही. खिडक्या रुंद आहेत आणि नेहमीच्या डब्यापेक्षा कितीतरी उंच, इतक्या की दोन खिडक्यांमधला खांब कुठे आला आहे हे तिकीट काढताना बघावे लागत नाही. साध्या चेअर कारमध्ये आरक्षित ‘विंडो सीट’ मिळूनही तीन तास पत्र्याकडे बघत बसण्याची वेळ अनेकांवर येते, त्यांना ही सोय किती मोठी आहे ते कळेल. डब्याच्या एका टोकाला मोठ्या काचेचे लाउंज आहे, जिथे उभे राहून किंवा टेकून बाहेर पाहता येते.

खुर्च्या फिरतात, हे सर्वांना ठाऊक असते; त्या कशा फिरतात हे मात्र प्रत्येक फेरीला नव्याने शिकावे लागते. खालची कळ पायाने दाबायची आणि खुर्चीला हलका रेटा द्यायचा, इतके ते सोपे आहे. पण त्याआधी समोरचे ट्रे बंद करावे लागतात, पायाशी ठेवलेली पिशवी उचलावी लागते आणि मागच्या माणसाने पाय आवरावे लागतात. “अहो, जरा उठता का? खुर्ची फिरवायची आहे,” हे वाक्य ठाणे सुटेपर्यंत डब्यात सगळीकडून ऐकू येत असते. चार जणांचे कुटुंब समोरासमोर बसले की खाऊचे डबे उघडतात, आणि मग घाट येईपर्यंत कोणी खिडकीकडे फारसे वळत नाही. ते एका परीने योग्यच आहे, कारण कल्याण सोडून बदलापूर मागे पडेपर्यंत बाहेर पाहण्यासारखे बेताचेच असते. नेरळच्या आसपास डावीकडे-उजवीकडे डोंगर गोळा होऊ लागतात आणि माथेरानचा माथा ढगात अर्धा बुडालेला दिसतो, तेव्हा खुर्च्या पुन्हा फिरवायला घ्याव्यात.

आता छताविषयी. बोरघाटातले सर्वांत देखणे दृश्य दरीचे आहे आणि दरी खाली असते. लोहमार्ग डोंगराच्या कुशीतून वर चढत जातो आणि उल्हास नदीचे खोरे प्रवाशाच्या पायाखाली उघडत जाते. ते पाहायला मान खाली घालून खिडकीतून डोकवावे लागते. मान वर केली तर पहिल्यांदा दिसते ती विजेची तार. हा सगळा मार्ग विद्युतीकरण झालेला असल्यामुळे छताच्या काचेतून तारा, त्यांचे खांब आणि कंस अखंड सोबत करतात आणि उरलेल्या जागेत आकाश असते, जे पावसाळ्यात करड्या रंगाचे असते आणि उन्हाळ्यात पाहवत नाही. त्यात बोगदे. कर्जत ते लोणावळा या सुमारे २८ किलोमीटरच्या टप्प्यात पंचवीसहून अधिक बोगदे आहेत आणि प्रत्येकात काचेचे छत म्हणजे नुसता काळा आरसा होतो, ज्यात प्रवाशांना स्वतःचीच वर वळलेली तोंडे दिसतात. या तोंडांचे फोटो मात्र छान येतात.

तरीही छत अगदी निरुपयोगी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. कातळ फोडून काढलेल्या अरुंद वाटेतून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ असतात की साध्या खिडकीतून केवळ ओला दगड दिसतो. छतातून मात्र त्या दगडाची कड दिसते आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या कडेवरून सुटलेले पाणी थेट आपल्या अंगावर येत असल्यासारखे वाटते. बोगद्यातून बाहेर पडतानाचा पहिला क्षणही छतामुळे खुलतो, कारण उजेड एकदम सगळीकडून आत येतो. एवढ्यासाठी काच हवी, हे मला मान्य आहे. संपूर्ण प्रवासभर वर पाहत राहण्याच्या अपेक्षेने कोणी बसले, तर त्याची मान दुखेल आणि दरी हुकेल.

या बोगद्यांमागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण तो माहीत असला की खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या वाटू लागतात. मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली. पण दख्खनच्या पठारावर चढायचे तर सह्याद्रीची भिंत आडवी होती. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग वाहतुकीला खुला झाला. मधल्या काळात हजारो मजूर या कड्यांवर राबले आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतले कितीतरी दगावले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार भारतात आल्यानंतर थोड्याच काळात, १८५९ मध्ये मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन काम पुढे नेले. चढ इतका तीव्र की काही ठिकाणी दर ३७ मीटरला एक मीटर उंची गाठावी लागते. सुरुवातीच्या काळात खंडाळ्याजवळ गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे. पुढे नवा मार्ग काढून ही कसरत बंद करण्यात आली.

चढाचा एक परिणाम आजही प्रवाशाला जाणवतो आणि विस्टाडोमच्या प्रवाशाला तर फारच. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला सामान्यतः मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडली जातात, ज्यांना रेल्वेत बँकर म्हणतात. त्यामुळे आपला डबा गाडीच्या अगदी शेपटाला असला, तरी चढताना लाउंजच्या काचेतून मागे पळणारे रूळ दिसण्याऐवजी इंजिनाचे नाक दिसते. लहान मुलांना ते फार आवडते. मोठ्यांनी मात्र चढताना लाउंजमध्ये जागा धरून उभे राहण्याचा आटापिटा करू नये. आपल्या खुर्चीवरून खिडकीतून जे दिसते ते अधिक चांगले असते. बँकर जोडेपर्यंतच्या त्या काही मिनिटांत फलाटावर उतरून कर्जतचा बटाटेवडा घेण्याची चाल फार जुनी आहे. विस्टाडोमच्या खिडक्या उघडत नसल्यामुळे खिडकीतून हात बाहेर काढून वडा घेता येत नाही, दारापर्यंत जावे लागते. वर्तमानपत्राच्या तुकड्यातला, लसणीच्या कोरड्या लाल चटणीत लोळलेला तो वडा घेऊन डब्यात परतले की एसीच्या बंद हवेत त्याचा वास ठाकूरवाडीपर्यंत दरवळत राहतो, आणि ज्यांनी घेतला नाही ते मागे वळून वळून पाहतात.

कर्जत सुटल्यावर पळसदरीपासून खरा प्रवास सुरू होतो. पुण्याकडे जाताना दरी बहुतांश डावीकडे उघडते. ठाकूरवाडी ओलांडल्यावर मंकी हिलच्या दिशेने गाडी चढू लागली की त्याच बाजूला, खोऱ्यापलीकडे राजमाचीची जोडशिखरे दिसतात, श्रीवर्धन आणि मनरंजन. अर्थात धुक्याने परवानगी दिली तर. पावसाळ्यात समोरच्या कड्यांवर इतके धबधबे असतात की एकेकाकडे बोट दाखवण्यात अर्थ उरत नाही. गाडीचा वेग मंद असल्यामुळे हे सारे डोळ्यांसमोर भरपूर वेळ राहते आणि हा टप्पा पार करायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. उजवीकडचे आसन मिळाले तरी निराश होऊ नये, कारण खिडक्या मोठ्या असल्याने समोरच्या ओळीवरूनही बरेच दिसते. साध्या डब्यात ते शक्य नसते.

गाडीची निवड हा मात्र तडजोड न करण्याचा मुद्दा आहे. डेक्कन एक्सप्रेस मुंबईहून सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि घाटात भर उजेडात असते, वर्षातल्या कोणत्याही महिन्यात. जाताना हीच गाडी घ्यावी. डेक्कन क्वीनचा मान मोठा आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी आजही दर वाढदिवसाला पुण्यात केक कापून घेते, आणि तिच्या डायनिंग कारमधल्या चीज टोस्टची व बेक्ड बीन्सची आठवण काढणारी पिढी अजून नोकरीला जाते-येते आहे. पण मुंबईहून ती संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी निघते. जूनमध्ये घाटापर्यंत संधिप्रकाश तरी उरतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मात्र काचेच्या छताचे पैसे भरून अंधार विकत घेतल्यासारखे होते. प्रगती एक्सप्रेस मुंबईहून दुपारी साडेचारच्या आसपास निघत असल्यामुळे पावसाळ्यात तिच्यातून घाट दिसतो, हिवाळ्यात तिचाही भरवसा नाही. उलट दिशेला गणित पालटते. पुण्याहून सकाळी सव्वासातला निघणारी डेक्कन क्वीन आणि तिच्यामागून येणारी प्रगती या दोन्ही सकाळच्या कोवळ्या उजेडात घाट उतरतात, आणि उतरतानाचा प्रवास माझ्या मते चढतानाच्या प्रवासाहून सरस आहे. मागे बँकर नसतात. ब्रेक शाबूत आहेत याची खात्री करण्यासाठी उतारावर ठरावीक ठिकाणी गाडी थांबवली जाते, आणि हे थांबे दरीच्या काठावरचे असल्यामुळे सुरक्षेसाठीची ती दोन मिनिटे प्रवाशाला फुकटात मिळतात. मंकी हिलच्या माकडांनाही हे वेळापत्रक पाठ आहे.

दुसरा प्रश्न तिकीट कुठपर्यंतचे काढावे. बहुतेक जण पुण्यापर्यंतचे काढतात. माझा सल्ला लोणावळ्यापर्यंतच्या तिकिटाचा आहे. घाट लोणावळ्याला संपतो. पुढे मळवलीच्या परिसरात उजव्या हाताला लोहगड आणि विसापूर दिसतात, ते नक्कीच पाहण्यासारखे आहेत, पण त्यानंतर तळेगावपासून जे सुरू होते ते पुण्याचे उपनगर आहे आणि त्यासाठी काचेचा डबा लागत नाही. डेक्कन एक्सप्रेस लोणावळ्याला साडेनऊच्या पुढेमागे पोहोचते आणि तीच गाडी परतीला पुण्याहून दुपारी सव्वातीनच्या सुमारास निघून तासाभराने पुन्हा लोणावळ्याला येते. मधल्या सहा-साडेसहा तासांत भुशी धरणाच्या गर्दीत शिरण्यापेक्षा कार्ल्याची किंवा भाज्याची लेणी पाहून यावीत. पावसात भाज्याच्या लेण्यांवरून पडणारे पाणी पाहिले की दिवस सत्कारणी लागतो. जेवणासाठी स्थानकाजवळच्या चकचकीत पाट्यांना भुलू नये. तिथल्या एका हॉटेलात मला मिळालेली ‘गावरान थाळी’ भाकरीच्या थंडगारपणामुळेच लक्षात राहिली आहे. रिक्षाचालकाला विचारून आतल्या रस्त्यावरच्या साध्या खानावळीत गेल्यास झुणका-भाकर गरम मिळते. परतीच्या वेळी चिक्की घ्यायची ती प्रत्येकाने आपापल्या दुकानातून घ्यावी. त्या वादात मी पडत नाही.

भाड्याचा विचार केला तर मुंबई-पुणे द्वितीय श्रेणीच्या आरक्षित बैठकीला शंभर-सव्वाशे रुपये पडतात आणि विस्टाडोमला त्याच्या सात-आठ पट. त्यात खाणेपिणे धरलेले नाही. एवढ्या फरकात काय मिळते आणि काय जाते, दोन्ही मोजायला हवे. मिळते ते ऐसपैस बसणे, मोठी काच, स्वच्छतागृहाची बरी सोय आणि धक्काबुक्कीपासून सुटका. जाते ते घाटाचे अर्धे शरीर. बंद काचेआड बोरघाट दिसतो, पण त्याचा ओल्या मातीचा वास येत नाही, बोगद्यातली घोंघावणारी थंड हवा लागत नाही, खिडकीच्या गजातून येणारे तुषार चष्म्यावर पडत नाहीत. सेकंड सीटिंगच्या खिडकीशी बसून हे सगळे ज्यांनी लहानपणापासून घेतले आहे, त्यांना विस्टाडोममध्ये पहिल्यांदा बसल्यावर थोडे चुकल्यासारखे वाटते. म्हणून तरुण मंडळींनी एका बाजूने विस्टाडोम आणि दुसऱ्या बाजूने साधा डबा असा बेत आखावा. खर्च निम्मा होतो आणि घाट पुरा भेटतो.

कोलोरॅडोत राहणारी माझी भाची पावसाळ्यात आली असताना तिला या डब्यातून नेले होते. आपल्याकडे ज्याचे नवल वाटते तो काचेच्या डब्याचा प्रकार मुळात तिच्याच राज्यातला आहे. १९४४ मध्ये जनरल मोटर्सचे सायरस ऑस्बॉर्न तिथल्या ग्लेनवुड कॅन्यनमधून इंजिनात बसून गेले आणि चालकाला जे दिसते ते प्रवाशाला का दिसू नये, या विचारातून घुमटवजा डब्याची कल्पना निघाली. बर्लिंग्टन रेल्वेने १९४५ मध्ये असा पहिला डबा चालवला, आणि १९४९ मध्ये सुरू झालेली कॅलिफोर्निया झेफिर ही गाडी या डब्यांमुळेच नावारूपाला आली. शिकागो ते सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरापर्यंत दोन दिवसांहून अधिक काळ चालणारी त्याच नावाची गाडी आज ॲमट्रॅक चालवते. डेन्व्हरचे लोक मात्र सकाळी तिच्यात बसतात, रॉकी पर्वत ओलांडून दुपारी ग्लेनवुड स्प्रिंग्जला उतरतात आणि तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांत डुंबतात. म्हणजे आपण लोणावळा करतो तसेच, फक्त अंतर दुपटीहून जास्त. “मामा, तिकडे हा डबा सगळ्यांचा असतो,” असे भाचीने सांगितले. तिचे म्हणणे खरे आहे. त्या गाडीत काचेचा डबा वेगळ्या भाड्याचा नाही. कोणत्याही वर्गाचे तिकीट असलेला प्रवासी तिथे येऊन बसू शकतो, जागा मिळेल तशी. शिवाय आजच्या त्या डब्याचे छत सगळे काचेचे नाही. खिडक्याच उंच नेऊन छताकडे वळवल्या आहेत, आणि पाहणाऱ्याला जे पाहायचे असते ते बाजूला आणि खाली असते, हे तिथल्या रचनाकारांनी ओळखलेले दिसते.

ही सामाईक डब्याची पद्धत आपल्या गर्दीत चालेल का, याविषयी मला शंका आहे. लोणावळ्यापर्यंत जागा अडवून बसणारे रुमाल आताच डोळ्यांसमोर येतात. पण घाटाच्या पाऊण तासापुरते आळीपाळीने लाउंज खुले करणे अशक्य नाही. सध्या लाउंजमध्ये होते ते असे की, पळसदरी आली की दहा-बारा जण तिथे जमतात, त्यांतले निम्मे काचेकडे पाठ करून स्वतःचेच चित्रीकरण करतात आणि एखादा मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतो. डब्यातल्या एका आजोबांनी अशाच एका मुलाला, “बाळा, पाण्याचा आवाज काचेतून येत नाही तो नाहीच, निदान तुझा तरी बंद कर,” असे सुनावले होते आणि त्याने तो मुकाट्याने बंदही केला.

आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारची ४४ आसने किती लवकर संपतात हे वेगळे सांगायला नको. नोकरीतून एखादी सुट्टी काढता येत असेल तर मंगळवार किंवा बुधवार गाठावा. मुसळधार पावसात घाटात दरड कोसळली की गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री हवामानाचा अंदाज आणि सकाळी गाडीची स्थिती पाहूनच घर सोडावे. मला स्वतःला सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सर्वांत पसंत आहे: धबधबे अजून वाहते असतात, धुके मागे हटलेले असते, राजमाची स्पष्ट दिसते आणि डब्यात चार-दोन खुर्च्या रिकाम्या सापडतात. एप्रिल-मेमध्ये या डब्याच्या वाटेला जाऊ नये. डोंगर तपकिरी, दरी धुरकट आणि डोक्यावर ऊन, यासाठी सात-आठ पट भाडे देण्यात काही हशील नाही.

वयस्कर आई-वडिलांना नेणार असाल तर मात्र मी ऋतूखेरीज बाकीच्या सगळ्या अटी शिथिल करीन. रुंद दार, पाय लांब करता येईल अशी जागा आणि हालचालीला मोकळा मधला रस्ता यांमुळे गुडघेदुखीच्या माणसाला हा डबा साध्या चेअर कारपेक्षा कितीतरी सुखाचा आहे. त्यांच्यासाठी पुण्यापर्यंतचेच तिकीट काढावे, लोणावळ्याची चढउतार टाळावी, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळच्या डेक्कन क्वीनने परतावे आणि उतरताना त्यांना उजवीकडच्या खिडकीशी बसवावे, कारण परतीच्या दिशेला दरी त्या बाजूला येते.